फक्त आमच्याकडे चालतं

‘इथे क्रिप्टो चालतं’ अशी पाटी धाकट्या नणंदेने खानावळीच्या दारावर लावली, तेव्हा वहिनींनी नुसते खांदे उडवले. नणंदेने गल्ला बघायचा, वहिनींनी स्वयंपाकघर, आणि एकीने दुसरीच्या कामात नाक खुपसायचं नाही, असं त्यांचं ठरलेलं होतं. शिवाय दुपारनंतर खुर्च्या ओस पडत, हे वहिनींनाही दिसतच होतं.

पाटी लागली आणि लॅपटॉपवाली पोरं येऊ लागली. गल्ल्याजवळच्या क्यूआर कोडसमोर फोन धरायची आणि मग संध्याकाळपर्यंत एकमेकांना काहीबाही शिकवत बसायची. पोरं वाईट नव्हती. उष्टी भांडी स्वतः आत आणून द्यायची. पण रोख चालत असूनही जुनी माणसं एकेक करून गळू लागली. शेवटी समोरचे शिंपीकाकाही यायचे थांबले. वहिनींचा नवरा होता तेव्हापासून ते दुपारचं सूप इथेच घेत. आता दुकानातच डबा खायचे आणि वहिनी दिसल्या की मान खाली घालून कापड कापायचे.

वहिनींच्या ते मनाला लागलं. पाटी काढू या, असं त्यांनी बोलून दाखवलं. नणंदेचे डोळे भरून आले. पाटी राहिली.

मग एकदा त्या पोरांतल्या एकीचा कोट खुर्चीच्या खिळ्यात अडकून टरकन फाटला. वहिनींनी तिला समोर पाठवलं. ती कोट घालून हसत परतली आणि तिच्यामागोमाग शिंपीकाका आले, हातात फोन, कपाळाला आठ्या. पोरीकडे रोख नव्हती. तिने काकांच्या फोनवर क्रिप्टोचं वॉलेट उघडून मजुरी त्यात टाकली होती आणि तिचा रडवेला चेहरा बघून काका हो म्हणून बसले होते.

“हे चालतं कुठे?” त्यांनी विचारलं.

“या रस्त्यावर? फक्त आमच्याकडे,” नणंद म्हणाली.

“म्हणजे मला इथेच जेवावं लागणार.”

“एवढं जिवावर येत असेल तर मी रोख देते,” वहिनी म्हणाल्या.

काका ओशाळले. “तसं नाही हो. सगळे फोनने देतात. त्यांच्यासमोर मी चिल्लर मोजत उभा. लाज वाटायची.”

वहिनी पोरांना उठवून काकांना जागा करून द्यायला निघाल्या, तर काकांनीच अडवलं. खुर्ची ओढून ते पोरांमध्ये बसले आणि सुपाचे पैसे कसे द्यायचे ते सावकाश दाखवा म्हणाले. पहिल्यांदा चुकलं. दुसऱ्यांदा नणंदेचा फोन वाजला आणि सगळं टेबल हसलं.

हल्ली काका बरेचदा शिवणाचं हातकाम घेऊन तिथेच येऊन बसतात. दोघातिघांना बटण लावायला शिकवलंय. जुन्यांपैकी नर्सबाई परत आल्या, बाकीचे नाहीत. वहिनींना त्यांची आठवण येते. पण मधूनच त्या हातातली पळी तशीच धरून दाराशी येतात आणि आत कढईतलं करपेपर्यंत बाहेरच्या गप्पा ऐकत राहतात.