हौसाची पोर

पहिला मुलगा रोह्याला, माझ्या माहेरी, अकराव्या दिवशी गेला. म्हणून ईरा झाली तेव्हा पेणला सासूबाईंनी तिला सुपात घालून अंगणात हौसाच्या हाती दिलं. हौसा मिठागरात काम करते, दर मंगळवारी दारावर मीठ घेऊन येते. बदल्यात तिने मूठभर मीठ माझ्या ओंजळीत टाकलं, पोरीला छातीशी धरलं आणि लगेच माझ्या मांडीवर ठेवलं.

"पोर माजी हाय. वरीसभर तुज्याकडं ठेवलीय. सांभाळ गो."

आपलं नसलेलं आपल्याकडून कोणी नेत नाही, असं सासूबाईंचं म्हणणं. मी बीएस्सी झालेली, हसले. पण त्यानंतर तिला एकदाही 'माझी' म्हटलं नाही. डोस पाजायला नेलं तेव्हा नर्सबाईंनी विचारलं, "आई कोण?" मी मागे वळून पाहिलं.

मीठ बरणीत ठेवलं होतं. पावसाळ्यात त्याचं पाणी झालं. का होतं ते ठाऊक होतं, तरी दिवसातून दहादा मी बरणी हलवून बघायची.

"उन्हात ठेव," हौसा म्हणाली. "जातंय कुटं?"

थंडीच्या उन्हात ते पुन्हा पांढरं झालं. दुपारी हौसा पोरीला मांडीवर घेऊन ओटीवर बसायची. खाडीकडून वारा यायचा, दोघींचे डोळे मिटायचे. मी उंबऱ्यात उभी राहून श्वास मोजायची. कधी वाटायचं, या दोघी इथल्याच, मीच कुठून तरी आलेय.

पहिल्या वाढदिवसाला ते मीठ परत देऊन पोर सोडवायची होती. हौसा नवं लुगडं नेसून आली. ईरा तिच्या गळ्यातले मणी चोखत होती.

"दे माजं मीठ. मंग घे तुजी लेक."

सासूबाई सूप धरून उभ्या. मिठाचा खडा तळहातात रुतत होता, पण माझी मूठ उघडेना.

"हौसा, अजून वर्षभर तुझीच राहू दे."

"अगं, असं करतं का कोणी?" सासूबाई म्हणाल्या.

हौसाने बराच वेळ माझ्याकडे बघितलं. "तुला नको व्हय गो?"

"हवीय. खूप हवीय."

हौसाने पदराने पोरीचं तोंड पुसलं.

"बरं. मंग नीट ठेव माजी पोर. गालावरची तीट पुसलीय बघ."

मीठ मी बरणीत टाकलं, झाकण घट्ट लावलं. मग ईराला उचललं, शेजारणीचं लेकरू उचलतात तसं, दोन्ही हातांनी, जपून.