दादाच्या हिरड्यांतले जंतू

दादा गेल्यावर आठवड्याभरातच त्याची धाकटी बहीण प्रयोगशाळेत कामावर हजर झाली. घरी बसून करणार तरी काय?

हिरड्या पोखरणाऱ्या जंतूंवर वनस्पतींतली कोणती द्रव्यं चालतात, हे तपासायचं तिचं काम. नमुने लोकांच्या तोंडातून घ्यायचे. मध्यंतरी माणसं कमी पडली, तेव्हा तिने दादालाच खुर्चीत बसवलं होतं. ब्रश केला की त्याच्या हिरड्यांतून रक्त यायचं, दोन दाढाही हलत होत्या.

"माझ्या तोंडी लागू नकोस, किती वेळा बजावलंय तुला!" आ वासूनच तो म्हणाला. नमुना घेणाऱ्या दंतवैद्य बाईंना इतकं हसू आलं की नमुना दुसऱ्यांदा घ्यावा लागला.

पुढे एका सकाळी तो ऑफिसच्या जिन्यात कोसळला, तो उठलाच नाही.

हवा न सोसणारे त्याचे जंतू मात्र प्राणवायू काढून टाकलेल्या काचपेटीत मजेत वाढत होते. काळपट ठिपके नुसते. तिने ते नव्या डिशवर पसरले आणि डाळिंबाच्या सालीच्या अर्कात भिजवलेली कागदी चकती मधोमध ठेवली. दुपारी डबा खाल्ला. भाजीत मीठ होतं की नव्हतं, कळलं नाही.

काही दिवसांनी पाहिलं, तर चकतीभोवती स्वच्छ रिंगण. आत एकही ठिपका नाही.

"झकास!" सहकारी वाकून बघत म्हणाला. "कोणाचा नमुना गं?"

"भावाचा."

थोड्या वेळाने सहकाऱ्याने तिच्या टेबलावर चहा आणून ठेवला. तो तसाच निवला.

संध्याकाळी ती वहिनीकडे गेली. वहिनी दादाचे शर्ट घड्या घालून पिशवीत भरत होती.

"अगं, त्याचं काही राहिलंय का तुझ्याकडे?" वहिनीने सहज विचारलं.

तिने जंतूंचं सांगून टाकलं. वहिनीचे हात थांबले.

"जिवंत आहेत?"

"हो. पण डाळिंबाच्या सालीने मरतायत."

वहिनीने हातातल्या शर्टाची घडी पुरी केली.

"मग मार. रात्र रात्र गाल धरून बसायचा बिचारा. एकालाही सोडू नकोस."

"बरं."

उरलेले शर्ट दोघींनी मिळून भरले. कोणीच रडलं नाही. वहिनीने कुकर लावला, ती जेवूनच घरी गेली.

दुसऱ्या दिवशी तिने दादाच्या जंतूंच्या आणखी डिश तयार केल्या. या खेपेला अर्क निम्मा पातळ केला, थोडे जंतू तरी उरावेत म्हणून.