गळती आणि द्वारकेचा पाहुणा

जसोदाबाई तो नवस बोलल्या, तेव्हा मी त्यांच्या डोक्यावरच टांगलेली होते आणि तुळशीवर थेंब गाळत होते. हात जोडून त्या म्हणाल्या, "तुळसामाय, मन्हा हातथीन एक जीव गया. दुसरा ऱ्हाऊ दे. मन्हा भाऊले बी ऱ्हाऊ दे. पुनीमलगुन रोज ही गळती भरसू, आनि ती रिकामी व्हई तोवर तोंडमाईन शब्द काढाव नही."

ऐकून माझा एक थेंब चुकलाच असेल. कारण जसोदाबाई म्हणजे बोलणं. चुलीशी बोलणार, गाईशी बोलणार, ओट्यावरून जाणाऱ्या फेरीवाल्याला गावभरची खुशाली विचारणार. त्या बाईनं रोज दीड प्रहर गप्प राहायचं, म्हणजे उपासापेक्षा कठीण.

मी गळती. प्रकाशा गावच्या उखा कुंभारानं मला चाकावर घडवलं आणि ओली असतानाच बुडाला बोटानं भोक पाडलं. बाकीची मडकी तेव्हा मला हसली. मडक्यानं पाणी धरायचं असतं, मी मात्र गळण्यासाठीच जन्मले. भोकात कापसाची वात, गळ्यात सुतळी, आणि वैशाखाच्या उन्हात तुळशीवर थेंब थेंब. तापीकाठच्या त्या गुजर पाटलांच्या घरात एवढंच माझं काम होतं.

साल एकोणीसशे अठ्ठावन्न. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी नंदुरबार स्टेशनावरून बैलगाडी आली आणि गाडीतून जसोदाबाईंचे धाकटे भाऊ बन्सीलाल उतरले. वीस वर्षं द्वारकेकडच्या किनाऱ्यावर दीपगृहाचा दिवा सांभाळून आता नोकरी संपली होती. लग्न केलेलं नव्हतं. बहिणीशिवाय माणूस उरलेलं नव्हतं. सामान म्हणजे एक वळकटी, वेताच्या टोपल्यांत बसवलेल्या समुद्राच्या पाण्याच्या दोन मोठ्या बाटल्या, दीपगृहातल्या जुन्या बॅटरीची चौकोनी काचेची पेटी आणि मांडीवर घट्ट धरलेली एक बरणी. बरणीत दोन मासे, अंगठ्याएवढे, तांबूस, डोळ्यांभोवती निळे ठिपके.

जसोदाबाईंचे यजमान गिरधरभाई कपाशीचं रान बघून आले, त्यांनी पेटीकडे पाहिलं आणि म्हणाले, "घरमा समुंदर उना. आते जहाज कव्हय येई?"

सगळे हसले. बन्सीलालभाऊ हसले नाहीत.

जसोदाबाईंना मात्र कृष्णाच्या गावचे पाहुणे आले असं वाटलं. द्वारकेचा समुद्र त्यांनी कधी पाहिला नव्हता, आणि आज तो त्यांच्या ओसरीवर येऊन बसला होता. त्यांनी बोट बुडवून ते पाणी जिभेला लावलं आणि डोळे मिटले. एवढ्या मिठात जीव राहतो कसा, डोळे उघडे ठेवतो कसा, हे नवल त्यांना पुरेना.

आणि त्या भक्तीतच चूक झाली. पेटी धुवून वाळत होती, बरणी लहान, तेव्हा पाहुण्यांना रात्रीपुरतं कशात ठेवायचं? जसोदाबाईंनी घरातलं सगळ्यात पवित्र भांडं काढलं. लग्नातला तांब्याचा हंडा. चिंच लावून घासला, आरसा झाला. भाऊ प्रवासानं थकून झोपले होते. त्यांनी समुद्राचं पाणी त्यात ओतलं आणि दोन्ही मासे अलगद सोडले.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक मासा वर तरंगत होता.

भावांनी तो ओंजळीत उचलून घेतला. मग हळूच म्हणाले, "अक्का, तुन्हा दोष नही. तांबं आपलाले चांगलं, याले इख." त्यांनी उरलेला मासा काचेच्या पेटीत हलवला, दुसऱ्या बाटलीतलं पाणी घातलं आणि ओसरीच्या कोपऱ्यात वळकटी बांधायला बसले. "पुनीमलगुन यानी खाधं नही, तं याले परत समुंदरमा सोडी येसू. मंग मी बी तठेच ऱ्हासू."

मासा पेटीच्या कोपऱ्यात अंग चोरून, काचेला चिकटून होता. भाऊ ओसरीच्या कोपऱ्यात तसेच. घरात दोघंही नवे आणि दोघांनाही इथलं पाणी मानवत नव्हतं.

त्याच संध्याकाळी तो नवस.

माझी जागा बदलली ती भावाच्या एका वाक्यामुळे. वैशाखाचा वारा ओसरीवरून जायचा आणि पेटीतलं पाणी रोज दोन बोटं उतरायचं. भाऊ म्हणाले, "पानी उडस, मीठ उडत नही. मीठ वाढत जास." उडालं तेवढंच गोड पाणी घालायचं, पण एकदम ओतलं तर मासा दचकतो, आजारी पडतो. जसोदाबाई माझ्याकडे वळल्या. तुळशीला म्हणाल्या, "तू घरनी शे, समजी लेशी." तुळशीला हातानं पाणी घातलं आणि मला पेटीवर टांगलं. काचेवर कुंकवाची रेघ ओढली. पाणी तिथवर चढलं की मला पेटीवरून बाजूला सरकवायचं. उरलेलं पाणी मग खाली कुंडात गळून संपायचं, तोवर त्यांचं मौन.

माझ्या आयुष्यात मी पहिल्यांदा समुद्रावर गळत होते. एक थेंब पडला की वर्तुळ उठायचं, काचेला लागायचं, परत यायचं. माशाचा कल्ला क्षणभर थांबायचा. दुसऱ्या दिवशी थांबला नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं वर पाहिलं. मला वाटलं, देवळातल्या घंटेला असंच वाटत असेल.

पण खाईना. जसोदाबाईंनी घाटावर तापीच्या माशांना घालतात तशा कणकेच्या गोळ्या टाकल्या. पाणी पांढरट झालं. भावांनी नारळाच्या करवंटीनं एकेक गोळी उचलून काढली. पेटीला ओलं फडकं गुंडाळून ती थंड ठेवली. पाण्यात पालकाचं उकडलेलं पान सोडलं, तेही तसंच राहिलं.

आणि माणसं. गावाला समुद्र बघायचा होता. शेजारच्या जमनाबाई तर रोज यायच्या. काचेवर बांगडी टकटक करून म्हणायच्या, "कोठे शे वं तो? माले तं निस्तं पानीच दिखी ऱ्हायनं." मासा कोपऱ्यात आणखी बारीक व्हायचा. जसोदाबाई हातानं नको नको करायच्या, तोंड उघडायचं नव्हतं. "बोलत काब नही? तोंडमा गूळ धरेल शे का?" जमनाबाई हसायच्या आणि पुन्हा टकटक.

भाऊ एकदाच बोलले. "हाऊ खडकनी भेगमा ऱ्हास, अक्का. आठे भेग कोठे शे?"

चतुर्दशीला सकाळी जमनाबाई पेटीत वाकून बघायला गेल्या, उठताना त्यांचं डोकं मला लागलं, सुतळी तुटली. मी पेटीच्या काठावरून घसरून शेणानं सारवलेल्या जमिनीवर पडले. माझा अर्धा ओठ गेला, पोटाला तडा गेला आणि पाणी ओसरीभर पसरलं. जमनाबाई ओशाळून घरी गेल्या.

भंगलेलं भांडं देवाला चालत नाही, हे मलाही ठाऊक होतं. उकिरड्याची वाट धरायची, एवढंच माझ्यासमोर होतं. पण जसोदाबाई माझ्याजवळ बसून राहिल्या. त्यांची अडचण वेगळी होती. मी रिकामी होईपर्यंत बोलायचं नाही, असा शब्द दिलेला. मी तर रिकामी झालेच नाही, फुटले. सांडलेलं पाणी गळलेलं म्हणायचं का? त्यांनी स्वतःला सूट दिली नाही. गप्प राहिल्या. दीड प्रहर झाला, दुपार झाली, दिवस कलला, तरी गप्प. गिरधरभाईंनी दोनदा थट्टा केली, मग तेही हळू बोलू लागले. आलेल्या बायका उत्तर न मिळाल्यानं परतल्या. त्या घरात इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती.

मग त्यांनी मला उचललं. माझ्या पोटावर बोट फिरवलं. एवढे दिवस पाणी झिरपून मला बाहेरून हिरवं, मऊ शेवाळ आलं होतं. त्यांनी मला खळखळून धुतलं, पण शेवाळ घासलं नाही. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. आणि अलगद, दोन्ही हातांनी, मला आडवी करून पेटीत ठेवलं. फुटकं तोंड माणसांकडे नाही, भिंतीकडे.

खारं पाणी माझ्या तड्यातून आत शिरलं. मी नदीकाठची माती, मला समुद्र माहीत नव्हता. तो जड होता आणि त्याला कुठेच काठ नव्हता. बऱ्याच वेळानं काहीतरी थंड, घाबरलेलं माझ्या फुटक्या ओठाला लागलं. थांबलं. मग आत आलं. त्याचं इवलंसं काळीज माझ्या भिंतीवर धडधडत होतं. तांब्याच्या हंड्याचा किती हेवा करायचे मी. त्या रात्री तो हेवा संपला.

पौर्णिमेला सकाळी भाऊ वळकटी घेऊन ओसरीवर उभे होते, गाडीला बैल जुंपायचे बाकी होते. जसोदाबाई पेटीसमोर मांडी घालून बसल्या होत्या, आदल्या दिवसापासून मुक्या. मासा माझ्या तोंडातून बाहेर आला. इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. आणि माझ्या पाठीवरचं शेवाळ त्यानं कुरतडलं. एकदा. मग परत परत, वेड लागल्यासारखं.

जसोदाबाईंच्या डोळ्यांतून धारा लागल्या. पौर्णिमा आली होती, नवस फिटला होता. तोंडातून पहिले शब्द निघाले ते एवढेच.

"भाऊ, वळकटी सोड."

भावांनी वाकून बघितलं. मग खाली बसले आणि गाठ सोडू लागले. इतकी घट्ट बांधली होती की दातानं सोडवावी लागली.

पुढे मासा पाच वर्षं जगला. भावांचे द्वारकेचे जुने सोबती भाईदास दर दोन महिन्यांनी रेल्वेनं पाण्याच्या बाटल्या पाठवत, त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असे, 'तांब्यात ओतू नये'. जमनाबाईही येत राहिल्या, पण बांगड्या कोपराकडे सरकवून, पाय न वाजवता. मासा म्हातारा होऊन माझ्याच पोटात गेला. भाऊ अजून इथंच आहेत, रोज संध्याकाळी देवळातला दिवा तेच लावतात.

मी आता तुळशीच्या मुळाशी आडवी पडून असते. अंगावर मिठाची पांढरी रेघ आहे, पावसानंही गेली नाही. परवा घरात नवी सून आली. माजघरात अंग चोरून उभी होती, बायका तिला उखाणा घे, गाणं म्हण करत होत्या. जसोदाबाईंनी सगळ्यांना बाहेर काढलं, तिला कोपऱ्यातली खोली दिली आणि स्वतः ओसरीवर येऊन माझ्याकडे बघत गप्प बसल्या.

म्हणून ऐकणाऱ्या बाई, तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्या दारी कधी बुजलेला जीव आला, मासा असो, माणूस असो, तर तुम्हीही असा एक नवस बोला. एक गळती पाणी संपेपर्यंत गप्प राहायचा. त्याच्यासाठी एक फुटकं मडकं शोधा, आणि ठेवताना त्याचं तोंड भिंतीकडे करा.