एकूण वीस

काटेभाऊंना वजनातलं कोणी काही शिकवावं, हे त्यांना आजवर खपलं नव्हतं. एकतीस वर्षं मालट्रकांच्या वजनकाट्यावर काढलेला माणूस. भरलेला ट्रक वळणावर दिसला की आकडा सांगायचे, आणि दहा वेळा सांगितला तर आठ वेळा बरोबर यायचा. उरलेल्या दोन वेळांबद्दल घरात बोलायची पद्धत नव्हती.

निवृत्त झाल्यावर त्यांच्या हाताशी वजन करायला काही उरलं नाही, तेव्हा त्यांनी बायकोकडे लक्ष वळवलं. बायको लांबलचक तापातून उठली होती. ताप गेला, पण हातांतलं बळ घेऊन गेला. मुलीकडे गेली तेव्हा नातवाला उचललं आणि दोन पावलांत घाईघाईनं खाली ठेवावं लागलं. मुलगी सहज म्हणाली, "आई, राहू दे." ते 'राहू दे' तिच्या जिव्हारी लागलं. चार दिवस ती गप्प होती आणि पाचव्या दिवशी तिनं जाहीर केलं, "मी जिमला जाणार."

काटेभाऊ आधी हसले, मग चिडले, मग म्हणाले, "एकटी नको, मी येतो." त्यांचं येणं म्हणजे नुसतं येणं नव्हे. तिथल्या ट्रेनर पोरीनं पहिल्याच दिवशी बाईंना काय सांगितलं, ते यांनी पुन्हा स्वतःच्या भाषेत सांगितलं. पाठ सरळ ठेवा, श्वास कोंडू नका, घाई करू नका. पोरगी मोठी सोशीक. "हो काका," म्हणायची आणि आपलं काम करायची. दोन आठवडे तिनं काकूंना चकत्या न लावता नुसता लोखंडी बार उचलायला लावला. बाकावर उताणं झोपायचं, बार छातीपर्यंत आणायचा आणि वर ढकलायचा. त्यातच तिनं एक गोष्ट दहा वेळा करून घेतली. बार छातीवर अडकलाच तर हाक मारायची, हाक फुटली नाही तर तो पोटाकडे सरकवत न्यायचा आणि उठून बसायचं. काकू ते शाळेतल्या मुलीसारखं मन लावून करायच्या. काटेभाऊंना हा प्रकार पोरकट वाटायचा. ते म्हणायचे, "मी उभा आहे ना मागे! अडकेल कसा?"

तिसऱ्या आठवड्यात पोरीनं कार्डावर लिहिलं, 'एकूण वीस किलो'. तेवढ्यात पलीकडे कुणाचातरी पाय लचकला म्हणून तिला हाक आली. "काकू, मी आलेच. तोवर हात लावू नका," असं सांगून ती पळाली.

आता थांबायचं की नाही? पण काटेभाऊंचा स्वभाव आडवा आला. पोरगी येईपर्यंत सगळं तयार ठेवलं तर तिला कळेल तरी, आपण कोण आहोत ते. त्यांनी दहा किलोच्या दोन चकत्या आणल्या, एक डावीकडे, एक उजवीकडे सरकवली, दोन्हीकडे क्लिपा घट्ट बसवल्या आणि हात झटकले.

"ती येऊ दे की," बायको म्हणाली.

"दहा आणि दहा किती?"

"वीस."

"मग झालं तर. वजनातलं मला शिकवतेस? झोप."

ती झोपली. तिचा अजून नवऱ्यावर विश्वास होता.

इथं वाचकाला जे दिसतंय ते काटेभाऊंना दिसलं नाही, यात नवल नाही. वजनकाट्यावर रिकाम्या गाडीचं वजन वजा करायचं असतं. गाडी ही गाडी, माल हा माल. कागदावर जातं ते फक्त मालाचं वजन. एकतीस वर्षं गाडी वजा करत आलेल्या माणसानं बारही वजा केला. आणि तो बार पंधरा किलोचा होता.

तिनं बाकाच्या खांबांवरून बार काढला. "जड आहे हो," ती म्हणाली. "नवीन आहेस," हे म्हणाले. तिनं श्वास सोडला आणि बार खाली आणायला सुरुवात केली. तो तिनं आणला नाही, तोच आला. कोपरं वाकली आणि पस्तीस किलोचं लोखंड तिच्या छातीवर बसलं.

तिनं तोंड उघडलं. आवाज फुटला नाही. डोळे वर, थेट काटेभाऊंच्या डोळ्यांत.

आणि काटेभाऊ हात पाठीमागे बांधून उभे राहिले.

हे त्यांना स्वतःलाही नंतर खरं वाटेना. पण घडलं ते असंच. काट्यावर ट्रक चढला, की तो हलतो. तो हलत असेतो कोणी हात लावायचा नाही, टेकायचं नाही, फळीवर पाय ठेवायचा नाही. हात मागे आणि वाट बघायची. समोर वजन हललं की त्यांचे हात आपोआप पाठीमागे जायचे. आज समोर बायको होती, तिचा चेहरा लाल होत होता, आणि हात पाठीमागेच होते. डोकं ओरडत होतं, उचल, उचल. हात जागचे हलेनात. त्यांना आयुष्यात इतकी भीती कधी वाटली नव्हती, आणि ती भीती तिच्या जिवापेक्षा स्वतःच्या हातांची होती.

बाईनं डोळे मिटले. नवऱ्याकडे बघणं तिनं सोडून दिलं. बोटं घट्ट केली आणि बार इंच इंच पोटाकडे सरकवू लागली. बरगड्यांवरून जाताना तिच्या घशातून एक विचित्र आवाज निघाला. तो ऐकून पोरगी धावत आली. तिनं आणि शेजारच्या एका माणसानं मिळून बार उचलला. बाई उठून बसली आणि दोन्ही हातांनी छाती धरून श्वास ओढू लागली.

तेव्हा कुठे काटेभाऊंचे हात सुटले. आणि सुटल्यावर त्यांनी काय केलं? पोरीवर बोट रोखलं.

"काय वजन लिहिलंस तू? जीव गेला असता तिचा!"

पोरगी पांढरीफटक पडली. जिमचा मालक आला. त्यानं चकत्या पाहिल्या, बार पाहिला, कार्ड उचलून वाचलं. मग शांतपणे म्हणाला, "काका, वीस म्हणजे बार धरून वीस. हे पस्तीस झालं. कोणी लावलं?"

सगळे एकमेकांकडे बघू लागले. पोरीची नोकरी त्या क्षणी काटेभाऊंच्या जिभेवर होती. ते मान खाली घालून म्हणाले, "मी लावलं. तिची चूक नाही. ती थांबा म्हणाली होती."

पोरीनं काकूंच्या बरगड्या हलक्या हातानं चाचपल्या. "मोडल्यासारखं वाटत नाही, पण आज इथून सरळ डॉक्टरकडे जायचं. ते सांगतील तेव्हाच परत या."

मालक गेला. पोरगी पाणी आणायला गेली. काटेभाऊ बायकोशेजारी टेकले. "चुकलं गं," ते म्हणाले. "बार धरलाच नाही मी वजनात. माझं डोकं..."

"वजनाचं जाऊ द्या हो," ती म्हणाली. अजून धाप लागत होती. "वजन कोणाचंही चुकतं. तुम्ही हात का नाही लावलात?"

खोटं सांगायला त्यांना काही सुचलं नाही. "थांबलो होतो."

"कशासाठी?"

"हलायचं थांबेल म्हणून."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. रागावली असती तर बरं झालं असतं, पण ती रागावली नव्हती. ती नुसती बघत होती, घरात एवढी वर्षं हा कोण राहतोय, अशी.

पोरगी पाण्याचा पेला घेऊन आली. तो घेऊन बाईनं तिलाच विचारलं, "डॉक्टरांनी हो म्हटलं, की मला पुन्हा शिकवशील ना? माझ्या मागे तू उभी राहशील?"

"राहीन काकू."

"नक्की?"

"नक्की."

बाई पाणी प्यायली. बाकाला धरून उठताना तिचा तोल जरासा गेला, तसे काटेभाऊ घाईनं दोन्ही हात पुढे करून उभे राहिले. तिनं पोरीचा खांदा धरला.