जुळ्या बंदुका आणि हिमालयाचा ताईत

पाचवी गोळीही चुकली आणि मैदानावर जमलेल्या सगळ्या गावाने श्वास रोखला. दोनशे पावलांवर गवताचा पुतळा उभा होता, छातीवर पितळी ताईत घालून. आणि बंदूक चालवणारा कोण, तर वनरक्षक ओटो रेन्त्स! जर्मनीतल्या बॉबलिंगेनच्या आसपास त्याच्यासारखा नेमबाज नव्हता.

"आता ताईत काढतो!" काळ्या कोटातला ताईत विकणारा ग्रोल गरजला. त्याने ओटोच्या हातात दुसरी ठासणीची बंदूक दिली. तीही स्वतःच भरून, पाठमोरा होऊन. ओटोने बार काढला. पुतळ्याच्या छातीतून गवत उडालं. दुसऱ्यांदा उडालं. तिसऱ्यांदाही.

"जो ताईत शिशाची गोळी परतवतो, त्याच्यापुढे दमा काय आणि गाठ काय! हिमालयातल्या योग्याने मला हा स्वप्नात दिला!" योग्याने स्वप्नात एकच दिला होता म्हणे, ग्रोलच्या पेटीत मात्र ते डझनावारी होते.

वसुधा खांबेटे घरमालकीण फ्राऊ हेगेलेंच्या शेजारी बसली होती. १९५९ सालचा मे महिना होता. स्टुटगार्टच्या तंत्रविद्यापीठात ती पोलादी नळ्यांच्या आतल्या पृष्ठभागावर संशोधन करत होती. फ्राऊ हेगेलेंच्या छातीत गाठ होती, गुरुवारी शस्त्रक्रिया ठरली होती. पण आठवडाभरापासून गळ्यात ताईत होता, आणि कालच त्यांनी 'मी येणार नाही' असं इस्पितळाला कळवून टाकलं होतं.

ग्रोलची नजर वसुधाच्या साडीवर पडली. "आणि ही पाहा, साक्षात भारताची कन्या! सांगा फ्रॉइलाइन, तुमच्याकडचे योगी असे ताईत देतात की नाही?"

सगळ्या माना वळल्या. तिच्याबरोबर आलेला विद्यापीठातला मित्र श्रीपाद मराठीत पुटपुटला, "हो म्हण आणि मोकळी हो. आपण इथे पाहुणे आहोत, वसुधा. उगाच वाद नको."

वसुधा उठली. "देतात," ती जर्मनमध्ये खणखणीत म्हणाली. ग्रोलचा चेहरा खुलला. "ताईत विकणारे आमच्याकडे भरपूर आहेत. म्हणूनच तुम्हाला मी लांबून ओळखलं. ताईत असला की एक बंदूक, नसला की दुसरी, असं का?"

"एक तापते, म्हणून दुसरी!"

"मग अदलाबदल करा. दुसरी बंदूक घ्या आणि ताईत पुतळ्याच्या गळ्यात राहू द्या."

"हा पवित्र वस्तूचा अपमान आहे!"

"परक्या बाईने आम्हाला शिकवायचं?" मागून कोणीतरी ओरडलं. वसुधा जागची हलली नाही.

तेवढ्यात ओटो पुढे आला. आख्ख्या गावासमोर पाच नेम चुकल्याची खंत त्याच्या तोंडावर दिसत होती. "मलाही बघायचंय," तो म्हणाला. दुसऱ्या बंदुकीची कागदी काडतुसं ग्रोल उजव्या थैलीतून काढत होता, हे त्याने पाहिलं होतं. ओटोने ती काढून घेतली, ताईत पुतळ्याला बांधायला लावला आणि बंदूक स्वतः भरली.

बार झाला. ताईताचे दोन तुकडे झाले.

वसुधा दोन्ही रिकाम्या बंदुकांपाशी गेली आणि एकेकीच्या नळीत बोट घालून पाहिलं, मग ग्रोलच्या दोन्ही थैल्यांतल्या उरलेल्या गोळ्या चाचपल्या. तिला हसूच आलं.

"बाहेरून जुळ्या आहेत. पण पहिलीची नळी आतून गुळगुळीत आहे आणि गोळी नळीपेक्षा चांगलीच लहान. ती आत धडका खात येते आणि शेवटची धडक बसेल तिकडे जाते. ओटो काय, कोणीही चुकेल. दुसरीच्या नळीत पिळदार खाचा कोरल्यात. हिच्या गोळीचं बूड पोकळ आहे. बार होताच ते फुगतं, खाचांना घट्ट बसतं आणि गोळी भोवऱ्यासारखी फिरत सरळ जाते. शंभर वर्षांपूर्वी इथल्याच फौजांनी जुन्या गुळगुळीत बंदुकांना अशा खाचा पाडून घेतल्या होत्या. एवढाच चमत्कार!"

ग्रोल पेटी उचलू लागला. ओटोने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "थांबा ग्रोल महाशय. पोलिसांना येऊ द्या."

"ही सांगते म्हणून मानायचं का?" मघाचाच आवाज आला.

"मुळीच नको!" वसुधा उसळून म्हणाली. "माझं मानू नका, याचंही मानू नका. या आणि स्वतः बोट घालून बघा!"

आधी ओटोने पाहिलं. मग शाळामास्तर आले, मग पाववाला. बघता बघता रांग लागली. प्रत्येकजण काळं झालेलं बोट घेऊन परतत होता. काही हसत होते, काही खाली मान घालून चालले होते.

सगळ्यांत शेवटी फ्राऊ हेगेले आल्या. त्यांनी पहिल्या नळीत बोट फिरवलं, मग दुसरीत. पुन्हा पहिलीत. मग गळ्यातला ताईत काढून त्यांनी तो ग्रोलच्या पेटीत टाकला.

"मला शस्त्रक्रियेची फार भीती वाटते गं," त्या म्हणाल्या.

"वाटणारच. भीती वाटली तरी जायचं."

"गुरुवारी माझ्याबरोबर येशील?"

"येईन," वसुधा म्हणाली. "पण आधी इस्पितळाला फोन करू या. चला, आत्ताच."