झुलणाऱ्या भाऱ्यामागे

डब्याचं झाकण खटकन बसलं आणि झोपलेल्या घराने कूस बदलली. तिने श्वास रोखला. पण लेक, खारू, उठली नाही. उठल्या त्या सासूबाई.

"आजच ना गं तुझी परीक्षा?" केस बांधत त्यांनी विचारलं.

"हो. एकटीने वर जाऊन भार उचलून दाखवायचाय. जमलं तर क्रेन माझी. नाहीतर आहेच, खाली बसून सळ्यांचे भारे बांधायचे."

"माझा लेक बल्ब बदलायला चढला तर मला दोन्ही हातांनी स्टूल धरावं लागतं. आणि सून निघाली आभाळाला हात लावायला!" असं म्हणत त्यांनीच डबा तिच्या पिशवीत घातला. "जा. खारूला मी बघते. तू फक्त खाली बघू नकोस."

खाली न बघता क्रेन चालवायची कशी, हे काही तिने विचारलं नाही.

मागच्या महिन्यात ती अर्ध्या शिडीवर पालीसारखी चिकटून बसली होती. तिला शिकवणाऱ्या मास्तरांनी वर येऊन एकेक बोट सोडवलं, तेव्हा कुठे ती उतरली. खाली सगळी माणसं बघत होती. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

आज शिडीच्या पायथ्याशी तिने विचारलंच, "मास्तर, ही भीती जाते कधी हो?"

मास्तरांचा जन्म वर केबिनमध्ये गेला होता. गुडघे कुरकुरायला लागले म्हणून आता ते जमिनीवर. त्यांनी क्रेनच्या आखूड शेपटीकडे बोट दाखवलं. "ते सिमेंटचे ठोकळे बघ. उगाच ओझं वाटतं की नाही? काढून टाक, मग पुढे भारा टांगल्याबरोबर अख्खी क्रेन तोंडावर आपटेल. मी अजून भितो, पोरी. पण भीतीला मागे बसवतो. पुढे बसवलीस तर खेळ खल्लास."

ती चढली. एकेक दांडी धरत वर वर सरकत गेली. केबिनमध्ये बसून तिने मान वर केली आणि तिचा हात लिव्हरवर तसाच राहिला.

सूर्य नुकताच छपरांवर सांडला होता. नदी कुणी फुंकर घालून पसरवल्यासारखी दूरवर गेलेली. आणि तिच्या पायांखालून पाखरांचा थवा चालला होता. आजवर तिने पाखरांची पोटंच पाहिली होती. त्यांना पाठी असतात, त्यांवर ऊन पडतं, हे तिच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. तिला हात जोडावेसे वाटले.

"ताई, उचला!" वायरलेसवर मुकादम ओरडला.

भारा उचलला गेला, वर आला, स्लॅबकडे निघाला. आणि वारा सुटला.

"झुलतोय, ताई! झुलतोय!" स्लॅबवरची माणसं मागे पळाली.

भारा पुढे गेला तशी तिने क्रेनचा हात झटक्याने मागे ओढला. झोका वाढला. नवशिक्यांची हीच चूक, मास्तरांनी शंभरदा सांगितलं होतं: भारा जिकडे जाईल तिकडेच जायचं, त्याच्या डोक्यावर जाऊन थांबायचं. पण खाली माणसं असताना झुलत्या लोखंडाच्या मागे जायचं? अंगातला कण न् कण नको म्हणत होता.

भारा पुन्हा पुढे निघाला. या खेपेला तीही त्याच्यामागे निघाली. लिव्हर हळूच पुढे, अजून थोडा, त्याच्या डोक्यावर, बस्स. रडून दमलेलं पोर खांद्यावर निजावं, तसा तो जडशीळ भारा शांत झाला. ती नुसती बघत राहिली. एवढं लोखंड, आणि तिच्या तळहातात निजलेलं.

"टेकला!" मुकादम म्हणाला. मग वायरलेसवर मास्तरांचा घोगरा आवाज आला, "आता लगेच खाली पळू नकोस. अजून बरेच भारे पडलेत."

संध्याकाळी लेकीला मांडीवर घेऊन तिने पाखरांच्या पाठींची गोष्ट सांगितली. खारू तोंडात बोट घालून ऐकत होती.

"म्हणजे आई, तू आभाळात होतीस?"

"हो, होते की."

"मग आभाळ सुरू कुठून होतं?"

खारू मांडीवरून उतरली, उकिडवी बसली आणि फरशीपासून वीतभर वर तिने आपला चिमुकला तळवा धरला.

"इथून?"