तेलाची सुट्टी

आमच्या कापसाच्या जिनिंगमधी सकाळी दहाले अन दुपारी तीनले मशिनी बंद व्हायच्या. दहा मिनिटं. त्याले आमी बाया तेलाची सुट्टी म्हणत होतो. सुट्टी आमच्यासाठी नव्हती, हे आधीच सांगते; बायांची दया येऊन कोणी मशीन बंद करत नाई. नागसेन भाऊ तेलाची झारी घेऊन एकेका बेअरिंगपाशी जाये, चिंधीनं पुसे, तेल सोडे, कान लावून आयके. तोवर आमी चाळीस बाया भुईवर बसून पाय पसरत होतो. दिवसभर उभं राहून रोलरपुढं कापूस सोडायचा म्हणजे पोटऱ्यांचे दगड होतात. जिले मोरीकडं जायचं ती जाये, जिले पाणी प्यायचं ती पिये.

नागसेन भाऊ बावीस वर्षांपासूनचा तेलवाला. तलमडुगूचा माणूस, पोरगा इचोड्याले मास्तर. मी एकदा विचारलं, दरवेळी पुसत काऊन बसता? तं म्हणे, धुळीवर तेल सोडलं की चिखल होते, अन चिखलानं बेअरिंग मरते. आमाले बसलेलं पाहून तो मुद्दाम हळू पुसे. दहाची बारा मिनिटं करे, कधी तेरा. हे मले चांगलं माहीत होतं. माहीत असून पुढचं केलं, म्हणून सांगून राह्यली.

दिवाळीनंतर नवा मॅनेजर आला, हेमचंद्र साहेब. हैदराबादेत शिकलेला, गोड बोलून गळा कापणारा. त्यानं वर तेलाची टाकी बसवली. टाकीतून तांब्याच्या बारीक नळ्या निघाल्या, हर बेअरिंगवर आपोआप थेंब थेंब तेल. मशीन बंद करायचं कामच नाई. तेलाची सुट्टी गेली अन नागसेन भाऊच्या हाती झारीच्या जागी झाडू आला. दिवसभर मशिनीखालचा उडलेला कापूस झाडायचा. आमी कुरकुर केली तं साहेब हसून म्हणे, मशीनले सुट्टी लागत नाई आता, मंग तुमाले काऊन लागते?

सात नंबरच्या मशिनीवर मी, आठवर माही सून प्रतिभा. तिले सातवा महिना. पाय असे सुजले की चप्पल घालता येईना. एक दिवस भोवळ आली म्हणून खाली बसली, तं मुकादमानं दंडाले धरून उठवलं. घरी ठेवावं तं साहेबाचा हुकूम, जी गेली तिची जागा गेली. पोरगा माहा वर्षभरापासून घरी बसून, तिच्या अन माह्या हातावर चूल. त्या मुकादमाचे डोळे फुटावे असं वाटलं मले. पण शिव्याशापानं मशीन बंद होत नाई.

मंग मी डोकं चालवलं. कापसाले आमच्याकडं काय तोटा? चिमूटभर घेतला, मांडीवर घासून घट्ट वात वळली. हाताले सवय आहे, देवापुढं रोज दोन लागतात. जेवायच्या वेळी सगळ्या शिदोऱ्या सोडून बसल्या असताना सात नंबरच्या बेअरिंगवरची नळी सोडवली, वात आत सरकवली अन नळी होती तशी बसवली. माहा हिशोब साधा होता. वात तेल ओढते, समईत दिसतेच. म्हणजे तेल पुरं बंद नाई होणार, कमी होईल. बेअरिंग किरकिर करेल, साहेब भिईल, टाकी काढेल, झारी नागसेन भाऊच्या हाती परत देईल. त्याचं भलं, आमचं भलं. लई शहाणी समजली मी स्वतःले. दीडशहाणी.

समईले जिनिंगची धूळ लागत नसते. ते माह्या ध्यानात आलं नाई. वातीवर धूळ बसत गेली, तेल आटलं. दोन दिवस काई नाई. तिसऱ्या दिवशी बेअरिंग ओरडायले लागलं. मी मुकादमाले सांगतलं, तं म्हणे आलेला कापूस संपू दे, मंग पाहू. तेव्हा तरी मी ती नळी उपसायची होती. नाई उपसली. वाटलं, ओरडू दे अजून थोडं, साहेबाच्या कानी जाऊ दे.

तासाभरात जळका वास आला अन खालच्या कापसानं पेट घेतला. कापसातली आग वर चढत नाई, पळते. सातवरून आठकडं पळाली. प्रतिभा पोटावर हात धरून जागच्या जागी उभी. नागसेन भाऊ झाडू टाकून धावला, तिले दूर लोटलं, अन जळता कापूस दोन्ही हातांनी ओढून ओढून बाहेर फेकला. बाकीच्यांनी पाणी आणेपर्यंत आग अर्धी त्यानंच विझवली होती. त्याच्या तळहाताची कातडी लोंबत होती.

दुसऱ्या दिवशी साहेबानं त्याले ऑफिसात बोलावलं, मलेही. सात नंबरची नळी चोंदलेली निघाली होती. साहेबाचा सवाल एकच, सगळ्यात आधी तू कसा पोचला? म्हणजे तुले ठाऊक होतं. झारी परत पाहिजे म्हणून नळी तूच बंद केली. नागसेन भाऊ उभा, हातांले पट्ट्या. त्यानं एवढंच सांगतलं की मी असं करत नाई. मंग साहेब माह्याकडं वळला.

"सात नंबर तुझा ना? याला नळीपाशी पाहिलंस का?"

झाडायले तो रोजच तिथं येत होता. नाई म्हणलं असतं तं साहेबानं विचारलं असतं, मंग कोण? प्रतिभाची जागा डोळ्यांपुढं आली, माही आली. मी फार वेळ नाई लावला.

"पाह्यलं," मी म्हणली.

बावीस वर्षं राबलेला माणूस त्याच दुपारी फाटकाबाहेर गेला.

आता पुढचं आयका. आगीनं मालक भेला. म्हणे टाकी काढा, जुन्यासारखं हातानं तेल द्या, मशिनी बंद करून. दहाले अन तीनले. माहा हिशोब बरोबर निघाला की नाई? झारी कोणाले द्यायची, तं साहेब माह्याकडं बोट दाखवून म्हणे मथुराबाईले द्या, बाई खरं बोलणारी आहे. दिवसभर उभं राहणं सुटलं माहं. नागसेन भाऊले निरोप गेला, एक दिवस येऊन बाईले बेअरिंगं दाखवून जा. मले वाटलं, येणार नाई. आला. मशिनी मरू नये म्हणून आला असेल, दुसरं काय.

दहाले मशिनी बंद झाल्या. बाया बसल्या, प्रतिभानं भिंतीले पाठ टेकली. नागसेन भाऊ पट्टीच्या हातानं एकेक बेअरिंग दाखवत गेला. हे लवकर तापते, याले जास्त. हे जुनं आहे, याले कमी. आधी पूस, मंग सोड. सात नंबरपाशी थांबला अन सदऱ्याच्या खिशातून काई तरी काढून माह्या तळहातावर ठेवलं. तेलानं काळी झालेली वात. पीळ अजून तसाच होता.

"आगीनंतर त्या नळीत सापडली," तो म्हणे. "साहेबाले दाखवली, साहेब म्हणे कापसाचा बोळा आहे. आमच्या घरी मेणबत्ती लागते, मथुराबाई. वाती कोणी वळत नाई."

मी वात अंगठ्यानं पुसून पाह्यली.

"कोणाची हे नाई बोललो मी. सुनेचे दिवस भरत आले तुमच्या." मंग माह्याकडं पाहून म्हणे, "पण काऊन केलं?"

जबाब होता माह्यापाशी. तुमच्यासाठीच केलं, भाऊ. तोंडापर्यंत आला होता. फाटकाकडून साहेब येताना दिसला अन मी वात मुठीत दाबली.

"पुढचं दाखवा," मी म्हणली. "दहाच मिनिटं असतात."

त्यानं पुढचं दाखवलं.